घरचा माणूस

माझी पहिली नोकरी कापड दुकानातली. आजचं धाराशिव तेव्हा उस्मानाबादच होतं. मालकांनी पहिल्याच दिवशी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तू नोकर नाहीस, घरचा माणूस आहेस." एकोणीस वर्षांच्या पोराची छाती फुगायला एवढं पुरे होतं. त्याचा अर्थ मात्र हप्त्याहप्त्यानं कळत गेला. घरच्या माणसाला कामावर यायची वेळ असते, जायची नसते. तो गल्ल्याला हात लावत नाही; पण मालकांच्या घरी गॅसची टाकी पोचवतो, त्यांच्या लेकीला शिकवणीहून आणतो, घरच्या लग्नात पंगतीला वाढतो. तो रजा मागत नाही, "जरा गावाकडं जाऊन येतो" म्हणतो. मालक म्हणतात, "जा की. पण बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक असतंय, बघ तूच." मग तो जात नाही.

पुढं वडील आजारी पडले. सोलापूरला न्यायचं ठरलं. मी काही बोलायच्या आधीच मालकांनी गल्ल्यातून आठ हजार काढून माझ्या हातात कोंबले. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी होती, ती मी विसरलेलो नाही. संध्याकाळी त्यांच्या लाल वहीत माझ्या नावापुढं "उचल" म्हणून ८००० चा आकडा पडला. पुढची दीड वर्षं दर महिन्याला किती कापले आणि किती उरले, हे मला कधी नेमकं कळलं नाही. वही त्यांच्या गादीखाली असायची. विचारता आलं असतं. विचारलं नाही. घरच्या माणसानं हिशेब विचारायचा नसतो, हे तोवर अंगी मुरलं होतं.

हे जुनं उकरून काढायचं कारण असं की हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपासून व्यवस्थापनाच्या शिबिरांपर्यंत सगळीकडं 'वर्क कल्चर' हा शब्द ऐकू येतो. कंपनीत आनंदी वातावरण कसं ठेवावं, माणसं टिकवावीत कशी, त्यांना आपलेपणा कसा वाटावा. त्यासाठी शुक्रवारी खेळ, वाढदिवसाला केक, भिंतीवर मूल्यांचे फलक. यातलं काहीच वाईट नाही. केक मलाही आवडतो. पण कामाची जागा चांगली की वाईट हे ओळखायला मी तिथला जिव्हाळा बघत नाही. तिथल्या सगळ्यात खालच्या माणसाला हिशेब विचारता येतो का, आणि विचारल्यावर त्याच्याकडं कोणत्या नजरेनं बघितलं जातं, एवढंच बघतो. हिशेब म्हणजे नुसता पैशाचा नव्हे. वेळेचा, रजेचा, चुकीचा, शब्दाचासुद्धा.

माझा पुतण्या पुण्यात एका कंपनीत आहे. आपल्या जिल्ह्यातून रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांतून अशी किती पोरं हिंजवडी, चाकण, रांजणगावला उतरत असतील, ते बसस्टँडवर नऊ वाजता उभं राहिलं की दिसतं. २०१८ मध्ये नीती आयोगानं मागास जिल्ह्यांची जी 'आकांक्षित' यादी काढली तिच्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आपला. आकांक्षा आहे हे खरंच. ती रात्री नऊच्या गाडीत बसून पुण्याला जाते. तर पुतण्याच्या कंपनीत स्वागतकक्षाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की आम्ही कंपनी नाही, कुटुंब आहोत. मागच्या वर्षी आमची आई, म्हणजे त्याची आजी, गेली. त्याची आई तो लहान असताना वारलेली. आजीनंच त्याला वाढवलं. त्यानं रजेचा अर्ज भरायला घेतला. दुःखद प्रसंगाची रजा तीन दिवस. नातं निवडायची यादी उघडली. आई, वडील, पती किंवा पत्नी, मूल. आजी नव्हतीच. त्यानं वरिष्ठांना फोन केला. ते भले माणूस, म्हणाले, "तू जा रे, मी बघतो." तो आला, दहाव्यापर्यंत थांबला, आणि महिनाअखेरीला पगारातून सहा दिवस कापून आले. वरिष्ठांनी बघितलं असेलही. संगणकाला आजी माहीत नव्हती.

मला यात कुणा माणसाचा दुष्टपणा दिसत नाही. दिसतं ते एवढंच की 'कुटुंब' हा शब्द भिंतीवर होता आणि नियमात नव्हता. माझ्या मालकांचं उलटं होतं. त्यांच्याकडं कुटुंब सगळ्या व्यवहारात होतं, म्हणून नियम कुठंच नव्हता. दोन्हीकडं कापला गेला तो पगारच.

आपल्या भागात या प्रकाराचं सगळ्यात उघडं रूप उसाच्या फडात बघायला मिळतं. कळंब, वाशी, भूम या बालाघाटाच्या पट्ट्यातून आणि शेजारच्या बीडमधून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो. ती टनावारी फेडायची. एखादा दिवस कामावर गेलं नाही की 'खाडा', आणि खाड्याचा दंड. मुकादम बहुतेक वेळा ओळखीतला, भावकीतला, जातीतला. "आपलाच माणूस हाय" हे वाक्य तिथंही आहे. लग्नाला, दवाखान्याला तोच पैसे देतो, बँक देत नाही. म्हणून त्याला नुसता खलनायक ठरवून भागत नाही. पण या व्यवस्थेनं माणसाला कुठं नेऊन ठेवलं ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्रानं वाचलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी मोठ्या प्रमाणावर गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या आल्या आणि शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हे त्यामागचं एक कारण बायकांनीच सांगितलं होतं. एका गैरहजेरीचा दंड माणसाच्या शरीरात किती खोलवर शिरू शकतो, याचं याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाही.

आता वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्या पोराची आणि कोयत्याची बरोबरी करणं मला परवडणारं नाही. फडातल्या बाईनं ते वाचलं तर ती हसेल. पण सांगाडा बघा. नोकरीला लागताना दोन वर्षांचा करार, मध्येच सोडलं तर प्रशिक्षणाच्या खर्चापोटी लाखभर भरायचे, तोवर मूळ कागदपत्रं काही ठिकाणी कंपनीच्या कपाटात. ही उचलच आहे, फक्त पैसे हातात न देता दिलेली. आणि रात्री अकराला आलेल्या संदेशाला उत्तर दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी बैठकीत जो एक गार कटाक्ष मिळतो, तो खाडा. शब्द बदलले की गोष्ट बदलली असं आपल्याला फार लवकर वाटतं.

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. पण तो आपल्या गावात कुठवर पोचतो ते बघायला हवं. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आला तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळानं त्यात बदल मंजूर केले. दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा, आणि लागू होण्याची अट वीस कामगारांची. धाराशिव शहराच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारा. तुळजापुरात देवीच्या वाटेवरची दुकानं बघा, प्रसादाची, बांगड्यांची, कवड्यांच्या माळांची. वीस माणसं कामाला असलेली दुकानं बोटावर मोजण्याइतकी सापडतील. तेव्हा आपल्याकडं बहुतेक कामाच्या जागी कायदा नसून रीतच राज्य करते. मोठ्या शहरात 'कल्चर' ही कायद्याच्या वरची साय असेल. इथं तीच भाकरी आहे. म्हणून हा विषय हिंजवडीपेक्षा धाराशिवला जास्त लागू आहे, असं माझं मत. बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तेवढा लहान जागेलाही धरतो. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते. ओळखीच्या दुकानांतल्या पाचसहा जणींना मी याबद्दल विचारलं. एकीलाही अशी समिती असल्याचं माहीत नव्हतं. एक म्हणाली, "तक्रार करून मग कुठं जायचं कामाला? गाव केवढं!"

कामाच्या तासांवरून मध्यंतरी बराच धुरळा उडाला. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सुचवलं. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या सुब्रह्मण्यन यांचं बोलणं बाहेर आलं. नव्वद तास, आणि रविवारीही कामावर बोलावता येत नाही याची खंत. त्यावर विनोद पुष्कळ झाले. मला मात्र नारायण मेघाजी लोखंडे आठवले. हा रविवार काही आकाशातून पडलेला नाही. १८८४ मध्ये लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन केलं त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या पंधरा तारखेच्या आत. रविवार मिळाला १८९० मध्ये. त्या यादीत मालकांनी प्रेमानं वागावं अशी मागणी नाही. 'आम्हाला आपलं माना' असंही नाही. तारीख, वेळ, वार. सगळं मोजता येण्यासारखं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत तयार झालेल्या माणसाला दयेची भाषा आणि हक्काची भाषा यांतला फरक कुणी शिकवायची गरज नव्हती.

रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा तेव्हा पुढं केला गेल्याचं सांगतात. खंडोबाचा विषय निघालाच आहे तर आपल्या तुळजापूर तालुक्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाचा देव एकच. वर्षातला बराचसा काळ तो अणदूरला असतो आणि उरलेला नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. देव नेताना आणि आणताना दोन्ही गावांचे मानकरी बसतात आणि लेखी करार होतो. देव दोघांचा, भक्ती दोघांची, नातीगोती एकमेकांत. तरीही कागद होतो. त्या कागदानं कुणाच्या भक्तीचा अपमान होत नाही. उलट देव कधी येणार नि कधी जाणार याची भांडणं नसल्यामुळंच यात्रा मोकळ्या मनानं भरते. आमच्या मालकांना मी हे तेव्हा सांगू शकलो असतो तर! पण तेव्हा मला ते सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बोलायची हिंमत नव्हती.

इथं एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सगळं कागदावर असलं की वातावरण सुधारतं, तर आपली सरकारी कार्यालयं स्वर्ग असायला हवी होती. हजेरीपट आहे, रजेचे कितीतरी प्रकार आहेत, पगार ठरलेल्या तारखेला आहे. तरी टेबलामागचा माणूस सुखी दिसत नाही आणि टेबलापुढचा तर नाहीच. म्हणजे कागद पुरेसा नाही. हिशेब लिहिलेला असणं वेगळं आणि विचारता येणं वेगळं. अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या संशोधिकेनं रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला तेव्हा तिला कोडं पडलं. जे गट चांगले चालत होते तिथंच औषधं देताना झालेल्या चुकांची नोंद जास्त होती. मग उलगडलं. चुका तिथं जास्त होत नव्हत्या. सांगितल्या जात होत्या. वाईट गटांत त्या दडपल्या जात.

हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. त्याला 'काटा मारणं' हा शब्द माहीत आहे. समजा, कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या कारकुनाच्या लक्षात आलं की काटा थोडा खातोय. तो वरच्याला सांगतो. पुढं दोन गोष्टी होऊ शकतात. काटा दुरुस्त होतो, किंवा कारकुनाची बदली होते. कारखान्याच्या फाटकावर कोणती मूल्यं रंगवली आहेत याला त्या क्षणी काडीची किंमत नसते. बदली झाली तर उरलेले सगळे कारकून आयुष्यभराचा धडा शिकतात, आणि मग दहा वर्षांनी कारखाना का बुडाला याची चौकशी बसते. ढोकीचा तेरणा साखर कारखाना हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान होता. तो वर्षानुवर्षं बंद पडून राहिला, तेव्हा परिसरातल्या किती घरांचं गणित कोसळलं ते जवळून बघितलेली माणसं अजून आहेत. त्याची कारणं अनेक आहेत आणि राजकीयही आहेत. मी त्यात शिरत नाही. पण बुडणाऱ्या कुठल्याही संस्थेत, मग ती पतसंस्था असो की दूध संघ, आतल्या कुणालातरी ते आधी दिसलेलं असतंच. त्याला बोलायला जागा नव्हती, इतकंच.

चूक सांगायची म्हणजे माणसाला कच्चं म्हणावं लागतं, आणि ते कसं म्हणावं याची एक गोष्ट तेरच्या मातीत घडली असं परंपरा सांगते. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथून माल भडोचला जाऊन पुढं जहाजात चढायचा. पण लोकांच्या तोंडी गाव आहे ते गोरोबाकाकांचं. संत त्यांच्या घरी जमलेले. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते कळायला. मग आमच्यातलं कोण कच्चं तेही सांगा, असा तिनं हट्ट धरला, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं वाजवलं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले, आणि तेच कच्चे ठरले.

कंपन्यांत वर्षातून एकदा जे मूल्यमापन होतं, त्याचं हे आमच्या जिल्ह्यातलं आद्य उदाहरण म्हणायला हरकत नाही. गंमत बाजूला ठेवून तीन गोष्टी बघाव्यात असं वाटतं. एक तर मोजमाप उघड्यावर झालं, सगळ्यांसमोर, एकाच अवजारानं. ज्ञानेश्वरांना वेगळं आणि नामदेवांना वेगळं थापटणं नव्हतं. दुसरं, कच्चं ठरवणारा स्वतः आयुष्यभर माती तुडवणारा कुंभार होता, मडक्याला कधी हातही न लावलेला सल्लागार नव्हे. आणि तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कच्चं ठरल्यावर नामदेवांना जायला वाट होती. ते रुसले, पंढरपूरला गेले, आणि तिथून औंढ्याला विसोबा खेचरांकडं. त्यांना संतमंडळातून कुणी काढलं नाही. कच्चं मडकं भट्टीत घालतात, उकिरड्यावर फेकत नाहीत.

जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्शनं जगभर लोकप्रिय केलेली रीत याच्या नेमकी उलटी. माणसांची उतरंड लावायची आणि दरवर्षी तळाचे दहा टक्के काढायचे. शंभरातली दहा मडकी कच्ची निघालीच पाहिजेत असं गोरोबाकाकांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी थापटणं सांगणाऱ्याच्याच डोक्यात घातलं असतं. अशा ठिकाणी शेजाऱ्याचं मडकं कच्चं राहण्यात माझा फायदा असतो. मग शुक्रवारी कितीही केक कापा.

मालकांची बाजूही आहे. पावसानं दगा दिला की आमच्या बाजारपेठेत शुकशुकाट होतो. दिवाळी गेली तर वर्ष गेलं. चार माणसं पोसणाऱ्या दुकानदाराला मनुष्यबळ विभाग कुठून परवडणार? पण मी ज्या गोष्टी म्हणतोय त्यांना पैसा लागत नाही. पगाराची एक तारीख. सुट्टीचा एक ठरलेला वार. उचल दिली तर एकाच हिशेबाच्या दोन वह्या, एक मालकाकडं, एक कामगाराकडं, दोन्हीवर दोघांच्या सह्या. दोन वह्यांना साठ रुपये पडतात. आणि हे केल्यावर आठ हजार गल्ल्यातून काढून हातात कोंबायला कुणी अडवलेलं नाही. उलट तेव्हाच त्या आठ हजारांत निव्वळ माया राहते, फास राहत नाही. माझ्या मालकांची माया मला पुरती घेता आली नाही, ती त्या एका वहीमुळं.

याचं चांगलं रूप मी बघितलं ते कुठल्या कंपनीत नाही, लोहारा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या पट्ट्यानं भूकंप सोसला, त्यातलंच हे गाव. पुनर्वसनाच्या काळात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं लातूर-उस्मानाबादच्या गावांत बायकांनाच 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं होतं. घरदुरुस्तीची सरकारी योजना घरोघर समजावून द्यायची आणि लोकांचे प्रश्न साहेबांपर्यंत न्यायचे, हे त्यांचं काम. जिथं बाई चावडीवर पाऊल टाकत नव्हती तिथं ती अभियंत्याला सिमेंटचा हिशेब विचारू लागली. त्या सवयीचं पुढं काय झालं, ते मला त्या दुपारी समाजमंदिरात दिसलं.

पंधरावीस बायका गोल बसलेल्या. मध्ये सतरंजीवर पत्र्याची पेटी आणि वही. सचिव असलेली तरुण सून एकेक नाव आणि आकडा मोठ्यानं वाचत होती. मध्येच कोपऱ्यातली एक म्हातारी, लिहिता-वाचता न येणारी, म्हणाली, "थांब गं. मागल्या महिन्याचे माझे पन्नास कुठं हायेत?" कुणी दचकलं नाही, कुणी "अक्का, एवढ्या-तेवढ्याला काय" म्हटलं नाही. सचिवानं पान मागं उलटलं, बोट फिरवलं. पन्नास दुसऱ्याच नावापुढं चढले होते. "चुकलं माझं," ती म्हणाली. आकडा खोडला, वर नवा लिहिला, शेजारी सही केली, आणि वही गोल फिरवून सगळ्यांना दाखवली. मग पुढचं नाव वाचायला घेतलं.

"आन् महिन्याचं व्याज?" म्हातारीनं विचारलं.